सीएफसीचे ट्रे आठ महिन्यांतच भुसभुशीत झाले, सिलिकॉन कार्बाइडचं कोटिंग मारून घ्यावं का?

वाळूजचा_भट्टीवाला

नमस्कार मंडळी. वाळूजला आमचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. व्हॅक्यूम फर्नेस एकच, ६ बार नायट्रोजन क्वेंचवाली (म्हणजे गरम माल नायट्रोजन दाबून झटक्यात थंड करायची), आतला हॉट झोन ग्राफाइटचा. काम बहुतेक एच-१३ स्टीलच्या डायचं (साच्यांचं), १०२० डिग्री सेल्सियसला हार्डनिंग आणि मग ५८० च्या आसपास दोनदा टेम्परिंग. आधी अलॉय स्टीलचे ट्रे होते, ते वाकायचे, दर दोन-तीन महिन्याला ठोकून सरळ करायचे, त्याला वैतागून कार्बन-कार्बन कंपोझिटचे (कार्बनचे धागे कार्बननंच बांधलेले) म्हणजे सीएफसीचे तीन ट्रे घेतले. वजनाला इतके हलके की पोरं एका हातानं उचलायची. सप्लायर म्हणाला होता वर्षानुवर्षं बघायचं काम नाही.

आठ महिने झाले. मागच्या मंगळवारी पोरानं ट्रे उचलला तर मधली पट्टी कट्‌कन मोडली, आणि वरून बघाल तर काहीच नाही, थोडा फिक्कट राखाडी दिसतो एवढंच. मोडलेली कड नखानं खरवडली की काळं पीठ निघायलंय. नवीन असताना ७ किलो ४०० ग्रॅम होता (पावतीवर लिहिलंय), आता ६ किलो ६५० भरला. म्हणजे पाऊण किलो कार्बन गेला कुठं?

आता एक जण म्हणतोय सिलिकॉन कार्बाइडचं कोटिंग मारून देतो, मग ऑक्सिडेशनचं टेन्शनच नाही. पैसे मात्र जवळजवळ ट्रेइतकेच सांगायलाय. मला दोन शंका आहेत, एक तर लीक असेल का (लीक रेट, म्हणजे बंद चेंबरमधला दाब तासाला किती वाढतो, तो २० मायक्रॉन येतोय, १० च्या आत पाहिजे असं सर्व्हिसवाला म्हणतो), आणि दुसरी म्हणजे मागच्या वर्षी आम्ही लिक्विड नायट्रोजन बंद करून पीएसए प्लांट (हवेतूनच नायट्रोजन वेगळा काढणारा) बसवला, त्याची प्युरिटी ९९.९ टक्के आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा, मालकाला उद्या-परवा उत्तर द्यायचंय.

जालन्याचा_ओतारी

भाऊ मला सीएफसीतलं काही कळत नाही, आपलं पितळेचं ओतकाम आहे, पण ग्राफाइटच्या मुशीत हाच खेळ होतो म्हणून लिहितोय. नवीन मुशीला बाहेरून ग्लेझ असतो, काचेसारखा. ओल जावी म्हणून २०० पर्यंत हळूहळू तापवायची आणि तिथून पुढं मात्र रेंगाळायचं नाही, दणक्यात ८५०-९०० च्या वर न्यायची म्हणजे ग्लेझ वितळून सगळीकडं पसरतो आणि हवा अडते. आमच्याकडं एक नवीन पोरगा आला होता, त्यानं काळजीपोटी मूस दोन तास ५००-६०० वर ठेवली, म्हणे तडकू नये. तडकली नाही, पण ग्लेझ वितळायच्या आतच भिंतीतलं ग्राफाइट जळलं आणि ती मूस निम्म्या हीटमध्येच बाद झाली. तेव्हापासून माझं मत असं की कार्बनचा खरा दुश्मन मधलं तापमान आहे. लाल भडक असताना तो दिसतो तरी, मधल्या तापमानाला गुपचूप खातो.

रॉकेटवेडा_लातूर

कोटिंग मारा आणि मोकळे व्हा की राव. इस्रोनं तेच केलंय. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनाचं नोझल आधी कोलंबियम (म्हणजे नायोबियम) अलॉयचं होतं, इस्रोच्याच व्हीएसएससीनं त्याचा खालचा पसरट भाग कार्बन-कार्बनचा केला, वजन ६७ टक्के कमी झालं आणि पेलोड १५ किलोनं वाढला. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये महेंद्रगिरीला चाचण्या झाल्या, २ एप्रिलची तर २०० सेकंदांची होती, तापमान १२१६ केल्विनपर्यंत गेलं. त्याला अँटी-ऑक्सिडेशन कोटिंग कशाचं होतं? सिलिकॉन कार्बाइडचंच. रॉकेटला चालतं ते वाळूजला चालणार नाही का?

परभणीचे_फोरमनकाका

लातूरकर, रॉकेटचं उदाहरण चांगलं आहे पण आधी रोग तर बघा, मग औषध. आणि २०० सेकंद म्हणजे साडेतीन मिनिटं सुद्धा नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

वाळूजकर, तुमच्या दोन्ही शंकांचा हिशेब मी वहीवर मांडून बघितला. चेंबर एक घनमीटर धरलाय. लीक २० मायक्रॉन म्हणजे तासाला जी हवा आत येते त्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन कार्बननंच खाल्ला आणि कार्बन मोनॉक्साइड झाला असं धरलं तरी तासाला साडेपाच मिलिग्रॅम कार्बन जातो. दहा तासांची सायकल, आठ महिन्यांत समजा २०० बॅच, तर सगळे मिळून ११ ग्रॅम. लीक दुरुस्त कराच, डायचा रंग बिघडतो त्यानं, पण पाऊण किलोचा चोर तो नाही.

आता नायट्रोजन. ९९.९ म्हणजे ०.१ टक्का इतर, तो सगळा ऑक्सिजनच धरू. ६ बारला एका घनमीटरमध्ये साधारण २४० मोल गॅस बसतो, त्यात ऑक्सिजन पाव मोलच्या जवळ, त्यानं जास्तीत जास्त ५.८ ग्रॅम कार्बन जाईल. २०० बॅचला १ किलो १६०. हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण तो ट्रे, हीटर, फेल्ट (उष्णता अडवणारं अस्तर) अशा सगळ्या हॉट झोनमध्ये वाटला जाणार, आणि क्वेंचमध्ये सगळं काही मिनिटांत थंड होतं त्यामुळं प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी कमी जळेल. म्हणजे संशयित आहे, पण मुख्य आरोपी नाही.

तुमच्या वर्णनातलं मला खटकलं ते वेगळंच. वरून धड आणि आतून पीठ. फार जास्त तापमानाला, ८००-९०० च्या पुढं, कार्बन इतका भराभर जळतो की ऑक्सिजन आत पोचायच्या आधीच पृष्ठभागावर संपतो, मग वस्तू बाहेरून झिजते, कडा गोल होतात, पट्ट्या बारीक होतात. ५००-६०० ला वेग मंद असतो, ऑक्सिजन निवांत भोकाभोकांतून आत शिरतो आणि आतून पोखरतो, जाडी तेवढीच राहते. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं. त्यामुळं तुमचा ट्रे ५००-६०० ला हवेत बसलाय, असा माझा अंदाज.

तीन गोष्टी सांगा. तिन्ही ट्रेंची वजनं वेगवेगळी काय आहेत? फर्नेसचं दार किती तापमानाला उघडता? आणि टेम्परिंग कुठं करता?

वाळूजचा_भट्टीवाला

काका तुम्ही तर पोटातलं काढलं.

दार १०० च्या खाली आल्याशिवाय उघडत नाही, ते पक्कं. वजनं आज केली. एक नंबरचा ६ किलो ६५०, दोन नंबरचा ६ किलो ७१०, आणि तीन नंबरचा ७ किलो ३४०. तिन्ही एकाच दिवशी आलेले, एकाच फर्नेसमध्ये चालणारे. म्हणजे दोघांचे सातशे-साडेसातशे ग्रॅम गेले आणि तिसऱ्याचे फक्त ६०.

टेम्परिंगचं विचारलंत म्हणून शिफ्टवाल्या पोरांना बसवून विचारलं. पहिलं टेम्परिंग व्हॅक्यूममध्येच होतं. पण डिलिव्हरी घाईची असली आणि फर्नेसला पुढची बॅच लावायची असली की दुसरं टेम्परिंग बाजूच्या साध्या हवेतल्या भट्टीत, आणि डाय परत उतरवून दुसऱ्या ट्रेवर लावायला नको म्हणून त्याच सीएफसीच्या ट्रेसकट ढकलायचे. एक आणि दोन नंबर. तिसरा ट्रे त्या भट्टीच्या दारातून जात नाही, एक इंच मोठाय, म्हणून तो वाचला! रजिस्टर बघितलं तर असं वीसेक वेळा झालंय, दर वेळी अडीच तास. मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

परभणीचे_फोरमनकाका

झालं मग. वीस वेळा अडीच तास म्हणजे ५० तास ५८० ला उघड्या हवेत. दहा टक्के वजन ५० तासांत, म्हणजे तासाला ०.२ टक्का, कार्बन-कार्बनला ५८० ला एवढं जाणं अगदी नेहमीचं आहे. उलट ट्रे चांगल्या प्रतीचे होते म्हणून इतके टिकले म्हणा. कार्बन हवेत ४०० च्या पुढं हळूहळू जळायला लागतो आणि ५०० वरून ६०० ला गेलं की वेग दहा-वीस पट होतो, त्यामुळं "हजाराला टिकणाऱ्याला ५८० चं काय" हा जो पोरांचा हिशेब आहे तो इथं उलटा पडतो. हजाराला तो टिकतो कारण तिथं हवा नसते. आणि दहा टक्के वजन गेलं म्हणजे ताकद दहा टक्के गेली असं समजू नका, धाग्यांना धरून ठेवणारा भाग आणि धाग्यांच्या कडा आधी जळतात, ताकद त्याच्या कितीतरी पट जाते. एक आणि दोन नंबरवर आता डाय ठेवू नका, गरम डाय सुटली तर खालचे हीटर पण जातील.

अजून एक विचारायचं राहिलं. ट्रे धुता का, आणि कशानं?

वाळूजचा_भट्टीवाला

धुतो की. क्वेंचनंतर काही नाही, पण महिन्यातून एकदा डिग्रीझिंगच्या टाकीत, त्यात अल्कलाइन पावडर असते. मग बोअरच्या पाण्यानं खळखळून. बोअरचं पाणी म्हणाल तर बादलीला पांढरे थर बसतात, गीझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते घरी.

परभणीचे_फोरमनकाका

अरे देवा. अल्कलाइन पावडर म्हणजे सोडियम, बोअरचं पाणी म्हणजे कॅल्शियम, आणि हवेतल्या भट्टीत वरून गंजाचे पापुद्रे पडतात ते लोखंड. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लोखंड ही सगळी कार्बन जाळायला मदत करणारी मंडळी, स्वतः खर्च होत नाहीत आणि कमी तापमानाला आग लावून देतात. ट्रे सच्छिद्र, पाणी आत मुरतं, वाळतं आणि क्षार आतच राहतो.

विमानांच्या ब्रेकचं उदाहरण आहे याला. त्यांच्या डिस्क कार्बन-कार्बनच्या असतात, आपल्या तेजसच्या पण. थंड देशांत धावपट्टीवरचा बर्फ वितळवायला पोटॅशियम अॅसिटेट, फॉर्मेट मारतात, ते उडून डिस्कमध्ये मुरलं की त्या लवकर पोखरल्या जातात असं आढळलं. आपल्या चिकलठाणा विमानतळाला बर्फाचा प्रश्न येत नाही, पण आपल्या बोअरचं पाणी काही कमी नाही.

नांदेडची_मटेरियलवाली

मी नांदेडला शेवटच्या वर्षाला आहे, मटेरियल सायन्सचा प्रोजेक्ट याच्यावरच करायचा विचार आहे म्हणून विचारतेय. काका, स्पेस शटलच्या पंखाच्या कडेला कार्बन-कार्बनच होतं ना, आणि ते १६०० च्या पुढं हवेत जायचं, तेही पुन्हापुन्हा. मग तिथं कोटिंग चाललं कसं? आणि कल्पना चावला गेल्या तो अपघात ऑक्सिडेशनमुळं झाला का?

परभणीचे_फोरमनकाका

ताई प्रश्न चांगलाय. आधी अपघाताचं. ते शटल कोलंबिया, १६ जानेवारी २००३ ला उडालं तेव्हा दीडेक मिनिटाच्या आतच बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला आणि तिथलं पॅनल फुटलं. १ फेब्रुवारीला परत येताना त्या भोकातून तापलेला वायू पंखात शिरला. म्हणजे कोटिंगनं दगा दिला नाही, मार बसला. सातही जण गेले.

कोटिंग कसं चालायचं ते समजून घ्यायला आपली काळी माती डोळ्यासमोर आणा. उन्हाळ्यात कशी भेगाळते, वरचा थर आक्रसतो आणि फाटतो. सिलिकॉन कार्बाइडचं तसंच. ते बनवताना तापमान खूप, शटलच्या पॅनलला तर सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि अॅल्युमिनाच्या भुकटीत पुरून भट्टीत ठेवायचे म्हणजे वरचाच कार्बन बदलून कार्बाइड व्हायचा. पण थंड होताना कार्बाइड जेवढं आक्रसतं तेवढं आतलं कार्बन-कार्बन आक्रसत नाही, धाग्याच्या दिशेनं तर ते जवळजवळ हलतच नाही. मग कोटिंगला ताण बसून बारीक भेगा पडतात, पडतातच, कुणीही केलं तरी. परत खूप तापवलं की कार्बाइड फुगून भेगा मिटतात आणि १२०० च्या पुढं त्याच्यावर सिलिकाचा थर चांगला धरतो, तो काचेसारखा ऑक्सिजन अडवतो. पण मधला पट्टा उघडा राहतो, साधारण ५०० ते हजारपर्यंतचा, जिथं भेगा उघड्या आणि सिलिका पुरेशी नाही.

त्या मधल्या पट्ट्यासाठी भेगा बुजवणारी काच लागते. शटलला त्यांनी टीईओएस नावाचं द्रव आत मुरवून सिलिका सोडली आणि वरून सोडियम सिलिकेटचं सीलंट लावलं. दुसरीकडं लोक बोरॉन वापरतात, बोरॉन कार्बाइड आत मिसळलं तर ते जळून बोरॉन ऑक्साइड होतं, ते ४५० लाच वितळतं आणि भेगेत वाहत जाऊन बसतं. पण त्याचे पण नखरे आहेत, हजाराच्या पुढं उडून जायला लागतं आणि दमट हवेत पाणी ओढून बोरिक अॅसिड होतं. सगळ्या तापमानाला चालणारा एकच थर नाही, म्हणून थरावर थर.

रॉकेटवेडा_लातूर

काका पण एक मिनिट, आत्ताच म्हणालात सोडियम आग लावतं आणि शटलवाले सोडियम सिलिकेट लावायचे?

परभणीचे_फोरमनकाका

पकडलंत! पण तिथं सोडियम काचेत बांधलेलं आणि कार्बाइडच्या वर, इथं मोकळं आणि थेट कार्बनच्या भोकात. तरी तुमची शंका फुकट नाही, कारण शटलला असा त्रास झालाच होता, फक्त दुसऱ्या धातूनं. नव्वदच्या दशकात पॅनलवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली. शोधलं तर लाँचपॅडच्या लोखंडी सांगाड्यावरच्या प्रायमरमध्ये जस्त होतं, पावसानं ते धुऊन पॅनलवर पडायचं आणि परतीच्या उष्णतेत कोटिंग कोरायचं. एवढं महागडं यान आणि रंगाच्या पाण्यानं भोकं पडली.

जालन्याचा_ओतारी

म्हणजे हे कोटिंग आमच्या ग्लेझचाच भाऊ निघालं की.

वाळूजचा_भट्टीवाला

मग माझ्या ट्रेला कोटिंग नको असंच ना? उद्या मालकासमोर काय सांगू?

परभणीचे_फोरमनकाका

नको. कारण असं की तुम्हाला ५८० ला संरक्षण पाहिजे आणि नुसतं सिलिकॉन कार्बाइड नेमकं तिथंच भेगाळलेलं असतं. शिवाय कार्बाइडवर १०२० ला स्टीलची डाय टेकली तर लोखंड आणि सिलिकॉनची सोयरीक जमते, डायला डाग पडतील, ट्रे चिकटेल. फॉस्फेट मुरवायची पण एक पद्धत आहे, विमानाच्या ब्रेकला करतात, फॉस्फरिक अॅसिड किंवा अॅल्युमिनियम फॉस्फेट आत मुरवून भाजायचं, त्यानं कार्बनच्या ज्या कडांवर ऑक्सिजन चिकटतो त्या झाकल्या जातात आणि ६००-७०० ला चांगला फरक पडतो. तुमचा ट्रे फक्त हवेतल्या भट्टीतच राहणार असता तर मी तेच सांगितलं असतं. पण तोच ट्रे तुम्ही १०२० ला व्हॅक्यूममध्ये नेणार, तिथं कार्बनच्या संगतीत फॉस्फेट टिकत नाही आणि जे सुटेल ते तुमच्या डायवर आणि पंपात.

हवेतल्या भट्टीला एसएस ३१० चे साधे ट्रे करून घ्या, ५८० ला ते वाकत नाहीत, तुमचे आधीचे वाकायचे ते १०२० ला आणि क्वेंचला. सीएफसी व्हॅक्यूमच्या बाहेर न्यायचाच नाही. धुवायची वेळ आली तर आरओचं पाणी, आणि लोड करायच्या आधी पूर्ण वाळवून, कारण पाण्याची वाफ पण गरम कार्बन खाते. घामट हातानं धरू नका, घामात मीठ असतं. तिन्ही ट्रेंवर नंबर ठोकून महिन्याला वजन रजिस्टरला लिहा. आणि डायखाली अॅल्युमिनाच्या पट्ट्या आहेत का? स्टील आणि कार्बन थेट टेकू देऊ नका. कधी हायस्पीड स्टील घेतलंत तर ते ११९०-१२०० ला जातं आणि लोखंड-कार्बनचं मिश्रण ११५० च्या आसपासच वितळतं, डाय ट्रेमध्ये रुतून बसेल.

पीएसएचा ऑक्सिजन मीटर पण एकदा तपासून घ्या. ९९.९ म्हणतो तो खरंच ९९.९ देतो का, की फिल्टर न बदलल्यानं ९९.५ वर आलाय.

वाळूजचा_भट्टीवाला

अॅल्युमिनाच्या पट्ट्या आहेत. मालकाला सांगितलं. आधी पोरांवर भडकले, मग रजिस्टर बघून म्हणाले घाई तर मीच लावली होती. एसएसच्या ट्रेचं काम फॅब्रिकेटरला दिलंय. आरओ पाण्याचं सांगितलं तर पोरं हसायलीत, म्हणे आपल्याला प्यायला बोअर आणि ट्रेला जारचं पाणी. दोन जार लावलेत आता, एक ट्रेला आणि एक पोरांना.

मीटर तपासला, ९९.७ निघाला.

नांदेडची_मटेरियलवाली

दादा मोडलेला ट्रे भंगारात देऊ नका प्लीज. त्याचे तुकडे मिळाले तर अर्धे बोअरच्या पाण्यात बुडवून आणि अर्धे आरओच्या पाण्यात बुडवून मफल भट्टीत (लॅबची छोटी हवेतली भट्टी) ५८० ला ठेवून वजन बघता येईल. आमच्या लॅबला मफल आहे, चांगला तराजू पण आहे.

वाळूजचा_भट्टीवाला

घेऊन जा. पण एक-दोन नंबरचे तुकडे आधीच बोअरच्या पाण्यात मुरलेले आहेत ना, मग तुमची तुलना बरोबर येईल का? तीन नंबरची एक कडेची पट्टी ज्यादा आहे, ती धुतलेली असली तरी हवेत गेलेली नाही.

परभणीचे_फोरमनकाका

धुतलेली आहे म्हणजे क्षार आत आहेतच. तुकडे आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीनदा उकळून घ्या, प्रत्येक वेळी पाणी बदलून, मग ११० ला वाळवून वजन करा आणि मग दोन वाटण्या करा. एक तुकडा न धुता तसाच पण ठेवा, तिघांची तुलना करा.